‘शेजार’मधली पहिली नोंद

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. विश्वंभर गुरुजींची पूजा नुकतीच आटोपली होती. बोटांना अद्याप चंदनाचा गंध होता आणि अंगणात पसरलेल्या सुपारीवर कोवळे ऊन येऊन बसले होते. अशा प्रसन्न वेळी रेवदंड्याहून आनंदीबाईंचा फोन आला. आनंदीबाई एक्याऐंशी वर्षांच्या, गुरुजींहून सात वर्षांनी वडील. मुले परदेशी असल्यामुळे त्या घरात एकट्याच राहत.

“अरे विश्वंभरा, तुमच्या ‘शेजार’मधला तो मुलगा मोठा गुणी आहे हो! काल किती आस्थेने चौकशी केली माझी.”

“कोणता मुलगा, वहिनी?”

“नाव नाही बाई लक्षात. पण बोलणे अगदी तुझ्यासारखे, पोथी वाचल्यासारखे. विचारत होता, आजी, चावी अजून न्हाणीघराच्या कौलाखालीच ठेवता ना? आणि गुरुवारी चार ते सहा कीर्तनालाच असता ना? म्हटले, हो रे बाळा, उद्याही जाणार आहे.”

गुरुजींनी ‘हं’ म्हटले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. आनंदीबाईंच्या घरी फोन करण्यास त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते.

“वहिनी, मी येईपर्यंत घरातून बाहेर पडू नका. आणि कौलाखालची चावी आत्ता काढून घ्या.”

“का रे? काय झाले?”

“मी आल्यावर सांगतो,” एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला.

काय झाले असेल, हे त्यांना कळून चुकले होते.

‘शेजार’ ही संगणकावर आणि फोनवर चालणारी एक व्यवस्था होती. कुठल्याशा दूरच्या किनाऱ्यावर, वादळाने उद्ध्वस्त झालेल्या लोकांनी ती रचली आणि साऱ्या जगासाठी मोकळी ठेवली. तिची मूळ आज्ञावली कोणीही उघडून पाहावी, आपल्या भाषेत आणावी, सुधारून परत द्यावी. मोल कोणी मागत नाही. चार वर्षांपूर्वी आश्लेषा नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने ती त्यांना दाखवली तेव्हा गुरुजींना भरून आले होते. ज्ञान दिल्याने वाढते, असे त्यांनी आयुष्यभर वर्गात शिकवले. तसे प्रत्यक्ष घडताना प्रथमच पाहत होते. त्यांनी माणसे जमवली. शाळेतले, बँकेतले, म्हसळ्याच्या कचेरीतले, दिघीच्या धक्क्यावरचे असे सतरा जण. दर रविवारी शाळेच्या एका खोलीत बसून त्यांनी दोन हजारांवर वाक्ये मराठीत आणली. मग घरोघरी जाऊन म्हाताऱ्या बोटांना ती बटणे दाबायला शिकवली. वादळाच्या वेळी कोणाच्या दारी कोणी जायचे, याची यादी त्यात असे. एकटे कोण राहते, आजार कोणता, घरी केव्हा नसतात, दार उघडायचे झाले तर चावी कुठे सापडेल. एकूण त्रेसष्ट घरे.

अशी यादी हाती द्यायची म्हणून मंडळींनी पहिल्याच रविवारी एक नियम घातला होता. जो कोणी ती उघडणार, त्याला आपल्यापैकी दोघांनी तरी समोर पाहिलेला असावा. हा नियम गुरुजींनीच सुचवला होता आणि तो मोडलाही त्यांनीच.

सलिल नावाचा एक कार्यकर्ता श्रावणापासून पत्रे पाठवू लागला होता. आपण गावापासून फार दूर असतो, मायभाषेची सेवा घडावी एवढीच इच्छा आहे, असे त्याने लिहिले होते. काय त्याची भाषा! एकेका शब्दावर तो चार चार प्रमाणे देई, आणि आपला शब्द मागे घेताना एखाद्या जुन्या पंडिताच्या विनयाने घेई. चार महिन्यांत त्याने तीनशे वाक्ये निर्दोष करून दिली. मग एकदा त्याने लिहिले, लोकांच्या अडचणी सोडवायच्या तर प्रत्यक्ष यादी कशी दिसते ते पाहता यायला हवे.

“गुरुजी, आधी एकदा व्हिडिओवर भेटू या त्यांना,” आश्लेषा तेव्हा म्हणाली होती.

“अगं, नियम अनोळख्यांसाठी. इतके सुंदर लिहिणाऱ्याला ‘तू तोंड दाखव’ म्हणायचे? मला नाही ते शोभत,” म्हणत गुरुजींनी सलिलला यादी खुली करून दिली होती.

आता त्याच हातांनी त्यांनी संगणक उघडला. यादी कोणी केव्हा पाहिली याची नोंद तिथे राहत असे. सोमवार, दुपारी बारा. सलिलने पहिले घर उघडले होते. दोन मिनिटांनी दुसरे, मग तिसरे. कुठे घाई नव्हती, कुठे खंड नव्हता. अडीच वाजण्याच्या आत त्रेसष्ट घरे वाचून झाली होती, आणि त्या दिवसापासून त्याने भाषांतराच्या एकाही वाक्याला हात लावला नव्हता.

गुरुजींनी त्याला दोन ओळी लिहिल्या. उत्तर येणार नाही हे लिहितानाच जाणवत होते. फोन करावा तर क्रमांक कधी विचारलाच नव्हता. चेहरा नाही, गाव नाही, आवाज नाही. आपण चार महिने कोणाशी बोलत होतो? 

त्यांनी अलिबागला आश्लेषाच्या कचेरीत फोन लावला. तिने सारे ऐकून घेतले. 

“त्याचा प्रवेश मी बंद केला आहे,” शेवटी ती म्हणाली. “यादीही बंद करून ठेवली. पोलिसांना मी इथूनच कळवते. पण गुरुजी, त्याने वाचले ते वाचलेच. चाव्या आजच्या आज हलायला हव्यात.”

“मग तसे कळवू ना. व्यवस्थेच्या सोयीसाठी सर्वांनी चाव्यांच्या जागा बदलाव्यात...”

 मग आश्लेषा हळूच म्हणाली, “आपण सांगाल तसे सर्वांना सांगेन.”

तिने दोष दिला असता तर बरे झाले असते. गुरुजी कागद ओढून लिहू लागले. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असा आरंभ झाला. हे वाक्य त्यांनी मनात एकेका घरात नेऊन पाहिले. म्हसळ्याचे अंबाजी, ज्यांना उठून बसायला अर्धा तास लागतो, ते म्हणतील, बघू उद्या. चंद्राबाई कागद देवापुढे ठेवून देईल. या वाक्याने एकही चावी हलणार नव्हती. भय खरे सांगितल्याखेरीज माणसे उठत नाहीत. आणि खरे सांगायचे तर पन्नास वर्षे ज्या तोंडाने गावाला शिकवले त्याच तोंडाने सांगायचे. दोन्ही भये त्यांच्या छातीवर एकदम बसली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

त्यांनी कागद फाडला, फोन तोंडाशी धरला आणि निरोप बोलून पाठवला.

“मी विश्वंभर बोलतो आहे. तुमच्या घरांची माहिती मी न पाहिलेल्या माणसाच्या हाती दिली. चूक सर्वस्वी माझी आहे. तुमची चावी कुठे असते ते त्याला ठाऊक आहे. ती आत्ता, या क्षणी हलवा. कोणी फोनवर गोड बोलून काही विचारले तर सांगू नका, मी विचारले तरीही नाही.”

शेजारच्या सखुबाईने तो निरोप आपल्या फोनवर ऐकला आणि ती कुंपणातूनच आली. तिच्या सासरी पूर्वी मिठागर होते; आता मुलाचे दोन ट्रक होते.

“गुरुजी, ह्यो काय ऐकतंय मी? तुमी फसलाव?”

“फसलो, सखुबाई.”

“आमी आंगठेबहाद्दर फसू नये म्हणून तुमी येवढी शाळा घेतलीत. दोन तास बसवून मला ती बटना शिकवलीत!” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून तिचा स्वर उतरला. “बरा, आता असं देवासारखं बसू नका. आनंदीबाय एकटी हाय ना? चला. दिनेशची रिक्षा बोलावलीय मी.”

फाटकाबाहेर वळणावर एक मोटारसायकल उभी होती. हेल्मेट घातलेल्या तरुणाने अदबीने विचारले, “आजोबा, समुद्राकडे जायला हाच रस्ता का?” गुरुजींनी रिक्षातून वाकून त्याला डावे-उजवे नीट समजावून सांगितले. “धन्यवाद,” तो म्हणाला.

रेवदंड्यात आनंदीबाई दाराशी चावी मुठीत धरून बसल्या होत्या.

“मी त्याला बाळ म्हटले रे विश्वंभरा,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “गुळपोळी खायला ये म्हटले.”

“तो आला असता तं मी खायला घातलं असतं त्याला!” सखुबाई म्हणाली आणि तिने मागचे दार, पुढचे दार, खिडक्यांच्या कड्या सगळे ओढून पाहिले. आनंदीबाई त्या दिवशी कीर्तनाला गेल्या नाहीत. सखुबाईची भाची दोन रात्री सोबतीला राहायला आली.

मग दिवसभर फोन वाजत राहिले. दिघीच्या धक्क्यावरचा परेश सहा घरे फिरून आला. म्हसळ्याच्या कचेरीतल्या हेमालीने अंबाजींची चावी स्वतः काढून त्यांच्या उशाखाली ठेवली. ज्यांनी रविवारी रविवारी बसून वाक्ये घडवली होती तेच सतरा जण आता उन्हातून दारोदार जात होते. कोणी गुरुजींना रागाने बोलले. कोणी त्यांचा आवाज ऐकताच फोन ठेवून दिला, आणि ते अधिक लागले. चार घरांतून कळले की तसाच फोन त्यांनाही आला होता.  आनंदीबाईंच्या ओसरीवर बसून ते वहीत घरांवर खुणा करत होते. चार वाजता त्यांनी रस्त्याकडे पाहिले. कोणी आले नाही.

पाचच्या सुमारास आश्लेषाचा फोन आला.

“गुरुजी, बासष्ट झाली. एकच राहिले.”

“कोणाचे?”

“पहिली नोंद. आपली.”

त्यांना क्षणभर उमगेना. मग आठवले. लोकांना भरून कशी दाखवायची म्हणून सर्वांत आधी त्यांनी स्वतःचीच नोंद केली होती, सर्वांनी तसेच करावे म्हणून रेखीव आणि संपूर्ण. विश्वंभर, वय चौऱ्याहत्तर, एकटे. चावी तुळशीवृंदावनाच्या मागच्या कोनाड्यात, पणतीखाली. सोमवारी दुपारी बारा वाजता सलिलने उघडलेले पहिले घर ते हेच होते. सकाळी सर्वांना चावी हलवायला सांगून निघताना स्वतःची चावी मात्र त्यांनी सवयीने तिथेच ठेवली होती.

परतीच्या रिक्षात त्यांना तो हेल्मेटमधला आवाज आठवला. अदबशीर, शुद्ध. समुद्राकडे जायला हाच रस्ता का? समुद्राची गाज तर फाटकातूनही ऐकू येते.

ते उतरले तेव्हा सूर्य पोफळींच्या शेंड्यांवर होता; सोबत आलेली सखुबाई आपल्या घराकडे वळली. अंगणात सखुबाईची सून हेतल सुपारी गोळा करत होती. दाराचे कुलूप जागच्या जागी होते. गुरुजी वृंदावनामागे गेले, वाकले आणि त्यांनी पणती उचलली.

कोनाडा रिकामा होता.

त्यांनी पुन्हा हात फिरवला. धूळ, जळकी वात, एक मुंगी. वारा नसतानाही त्यांना वाटले की मागे काही हलले. घरात कोणी आहे का? कुलूप बाहेरून आहे. पण मागचे दार? कुठेतरी कोणीतरी आत्ता या क्षणी आपल्याकडे पाहत आहे का?  आयुष्यात कधी उंच स्वराने न बोललेले विश्वंभर गुरुजी ओरडले, “सखुबाई! सखुबाई, धावा!”

सखुबाई कोयता घेऊनच आली. मागून तिचा मुलगा विनेश, हेतल, रिक्षावाला दिनेश.

“आत न्हाय जायचं एकट्यानं,” तिने गुरुजींचा दंड धरला. “हेतल, तू कवापासून हायेस इथे?”

“जेवून आली तवापासून, बाराला. कोनी आला न्हाय आत्या. एक गाडीवाला दोनदा फाटकापर्यंत येऊन गेला. मला वाटलं गुरुजींकडचा हाय.”

 सकाळी सव्वादहानंतर गुरुजी अंगण उघडे ठेवून गेले होते, आणि हेतल बाराला आली होती. मधला वेळ रिकामा होता.

विनेशने पहारीने कुलूप तोडले. सगळे एकत्र आत शिरले. देव जागेवर होते. कपाट बंद होते. पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीघरात, सगळीकडे पाहिले. कोणी नव्हते, काही गेले नव्हते. चावी मात्र नेली होती, आणि जो नेतो तो परत येण्यासाठीच नेतो. पोलिसांचा माणूस येऊन मोटारसायकलचे वर्णन लिहून घेऊन गेला.

दिवेलागणीला विनेशने नवे कुलूप बसवले. त्याच्या दोन चाव्यांपैकी एक सखुबाईने आपल्या मंगळसूत्राला अडकवली. दुसरी गुरुजींनी, त्यांचे वडील बांधत तशी, जानव्याला बांधली. मग संगणकापुढे बसून त्यांनी ‘शेजार’ आपापल्या भाषेत नेणाऱ्या जगभरच्या मंडळींना पत्र लिहिले. नियम काय होता, तो कोणी मोडला, का मोडला. सलिल हे नाव कुठे भेटले तर काय करावे. खाली पूर्ण नाव लिहिले.

पत्र गेले. जानव्याची चावी छातीला गार लागत होती. ज्या कुलपाची जुनी चावी होती ते पहारीने तुटून ओसरीवर पडले होते. ती आता कोणतेच दार उघडणार नव्हती. पण जो ती खिशात घेऊन फिरत होता त्याला हे अजून ठाऊक नव्हते. फाटक करकरले. गुरुजींनी दिवा मोठा केला आणि फाटकाकडे तोंड करून हाक दिली, “सखुबाई, तुम्हीच का?”

“व्हय, मीच,” फाटकातून उत्तर आले. “पन पुन्हा विचारा. दर वेळी विचारा.”