वाणाचा दोष

गणपतने चरवी तिरकी करून विष्णुपंतांपुढे धरली. तळाशी जेमतेम दूध होतं.

“पंतजी, पाहून घ्या. हिची माय चरवी भरून द्यायची. बाप विलायती. तरी हे असं. वाणच बिघडला म्हणा.”

पंतांनी गाईकडे पाहिलं. उंच, काळीपांढरी गाय जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. चव्वेचाळीस सालचा मे महिना होता. जबलपूरच्या त्या फौजी डेअरीत देखरेख करण्यात पंतांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लढाईमुळे पलटणी वाढल्या, इस्पितळं भरली, दुधाची मागणी वाढली. सरकीची ढेप मात्र मिळेनाशी झाली. जास्तीच्या गाईंसाठी घाईघाईने पत्र्याचा गोठा उभारला होता.

“वाण चांगलाच आहे,” पंत म्हणाले. “पण विलायती रक्ताला हा पत्रा सोसत नाही. तिला लिंबाखाली बांध. दुपारी अंगावर पाणी टाक. हिरवा चारा आधी तिला.”

“अच्छा जी.” गणपत जरा घुटमळला. “तुम्ही आणखी थोडे दिवस घरीच राहायचं होतं.”

पंतांनी वहीत दुधाचा आकडा लिहिला. त्यांचा एकुलता एक मुलगा विनय ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर मारला गेल्याची तार आली होती. तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी ते कामावर आले. डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. लोक बोलत, ते ऐकत. जेवण समोर आलं की जेवत.

आठवडाभरात त्या गाईचं दूध वाढलं. आईइतकं नाही, पण अर्धी चरवी भरू लागली. गणपत हसत सांगायला आला. पंतांनी मान हलवली आणि पुढच्या गाईकडे गेले.

त्या दुपारी ते घरी आले तेव्हा बेबी रडत होती. विनयची मुलगी, दोन महिन्यांची. मागच्या पत्र्याच्या खोलीत सून हेमलता तिला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. तार आली त्या दिवसापासून तिचं दूध आटलं होतं. पोर वरच्या दुधावर होती आणि ते तिला पचत नव्हतं.

“रात्रभर रडून राहिली पोर,” पंतांच्या पत्नी नर्मदाबाई ताट वाढताना म्हणाल्या. आवाज आत जाईल इतका मोठा होता. “हेमलतेच्या आईलाही नव्हतं म्हणे दूध. घराण्यातच नाही, तर येईल कुठून?”

पंतांनी हातातला घास खाली ठेवला.

“तुझ्या आईनं सात पोरं अंगावर पाजली,” ते म्हणाले. “मग विनयच्या वेळी तुझं काहून आटलं?”

नर्मदाबाई जागच्या जागी थांबल्या. तारेनंतर त्या घरात कुणी ते नाव घेतलं नव्हतं.

“इन्फ्लुएंझाच्या साथीत तुझा भाऊ गेला. तू अन्न सोडलंस आणि दूध गेलं. आपण त्याला बोंडल्यानं वरचं दूध पाजून वाढवलं. तेव्हा तुझ्या घराण्याचं नाव कोणी काढलं होतं?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. गोठ्यात सांगावं तसंच ते सांगत होते. आत बेबीचं रडणं चालूच होतं.

नर्मदाबाईंनी पदराने तोंड दाबलं. त्या चुलीकडे वळून बसल्या. मग उठल्या, माजघरातला स्वतःचा बिछाना गुंडाळला, तिथे सुनेची गादी घातली, खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारलं.

“चल बाई,” त्या मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाल्या. “इथं भट्टी झालीय. मला आधी सुचलं नाही.”

त्या दिवसापासून हेमलतेला शतावरी घातलेलं दूध त्या स्वतः पाजत. ती नको म्हणाली की पेला धरून बसून राहत. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. बोंडलं चालूच होतं. पुढेही ते कधी पुरतं सुटलं नाही.

एका सकाळी माजघरातलं रडणं मध्येच थांबलं.

“येतंय,” आतून हेमलता म्हणाली. “थोडंसं. पण येतंय.”

“बोलू नको. पिऊ दे तिला,” नर्मदाबाई म्हणाल्या.

पंत पायरीवर होते. एक पाय जोड्यात होता, दुसरा उंबऱ्यावर. पोरीच्या चोखण्याचा बारीक आवाज बाहेर येत होता. आपण कामावर निघालो होतो की कामावरून परत आलो होतो, हे त्यांना आठवेना. ते तसेच खाली बसले. तार आल्यापासूनचं पहिलं टिपूस त्यांच्या डोळ्यांतून गळालं.