रंगाऱ्याचे तळपाय

न्हाणीघरातून आधी ‘स्स्’ असा आवाज आला, मग एक शिवी आली आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्या शांततेनंच बायको उठली. दार लोटून बघते तर नवरा पालथ्या बादलीवर बसलेला, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, हातात दाढीचं पातं आणि फरशीवर रक्ताचे थेंब.

“अहो, हे काय चाललंय?”

“काही नाही. जरा साफसफाई.”

“पायाची? पात्यानं?”

नवरा रंगारी. घर रंगवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण उभं आयुष्य शिडीच्या दांड्यावर गेलेलं. दांडा जिथं रुतायचा तिथं, तळव्याच्या मधोमध, कातडीचा पिवळट टणक पट्टा तयार झाला होता. चवड्याखाली घट्टे, टाचांना कडेनं कवच. पांघरुणाचे धागे त्यात अडकून उसवायचे. बायको कापडाच्या दुकानात कामाला. धागे कशानं निघतात हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. पण हे दुखतं, हे मात्र तिला आज कळलं. तो कधी बोललाच नव्हता. फिरायला चला म्हटलं की “कंटाळा आलाय” म्हणायचा, आणि ती तो कंटाळाच समजत आली होती.

तिनं जखम धुऊन पट्टी बांधली. बांधताना कोपऱ्यात पॉलिशपेपरचा तुकडा दिसला.

“हा कशाला?”

“आधी तो घासून बघितला.”

“भिंत आहे का ती? आणि भिंतीला तरी तुम्ही असं करता का हो? त्या जिन्यातला जुना रंग काढायला आठवडा घेतलात. घाई केली तर प्लास्टर निघून येतं म्हणे. आणि स्वतःच्या पायाला मात्र एका झटक्यात पातं!”

हे त्याला पात्यापेक्षा जास्त लागलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं तिच्याबरोबर पायांच्या दवाखान्यात गेला.

तिथल्या नर्सबाई ठेंगण्या, पण आवाज सगळ्या इमारतीला पुरेल असा. त्यांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, “साखर आहे का?”

“दोन चमचे. चहात.”

“रक्तात हो!”

रक्त तपासलं. साखर नव्हती. “नशीब समजा,” बाई म्हणाल्या. “साखर असलेल्या माणसानं तर स्वतःच्या पायाला पातं सोडा, घट्ट्यांवरची औषधी पट्टीसुद्धा विचारल्याशिवाय लावू नये. जखम चिघळली की पाय गमवायची पाळी येते.”

मग त्यांनी जखमेची बाजू सोडून घट्ट्यांवर बारीक हत्यार चालवायला सुरुवात केली. कातडीचे पापुद्रे निघत गेले. रंगारी छताकडे बघत ताठ बसला होता. पण जाड थर उतरला, खालची नवी कातडी उघडी पडली आणि त्याच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला.

“दुखतंय?”

“नाही... हो... अहो नका... ही ही ही!”

“हलू नका!”

पण तो कसला थांबतोय! एवढा मिशीवाला दांडगा माणूस लहान पोरासारखा खिदळायला लागला. बाहेर आपापली दुखणी घेऊन बसलेली माणसं आधी चपापली, मग एक हसलं, दुसरं हसलं, आणि बघता बघता सगळं बाक हलायला लागलं. शेवटी नर्सबाईंनी हत्यार खाली ठेवलं आणि पदरानं डोळे टिपले.

“मला गुदगुल्या होतात हे मलाच माहीत नव्हतं,” तो धापा टाकत म्हणाला.

“कातडी काही उगाच जाड होत नाही,” बाईंनी समजावलं. “दाब पडला की ती बिचारी तुम्हाला सांभाळायलाच जाड होते. दाब कमी करा, तीही माघार घेईल.” त्यांनी त्याचे कापडी बूट उचलले आणि दोन बोटांनी दुमडून दाखवले. “यातून दांडा थेट पायालाच लागतो. कडक तळाचे बूट घ्या, आत बोटं हलली पाहिजेत. जखम भरली की रोज कोमट पाण्यात थोडा वेळ पाय ठेवायचे. कोमट म्हणतेय, कढत नाही. मग वजरीनं हलकेच घासायचं. आज थोडं, उद्या थोडं. बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या, टाचांना क्रीम लावायचं, बेचक्यांत नाही, आणि वर मोजे.”

“मोजे घालून झोपायचं? म्हणजे पार्सलच की!”

“पार्सल तर पार्सल,” बायको म्हणाली. “मी सही करून घेईन.”

महिनाभरात पार्सलला सवय झाली. नव्या बुटांत शिडीवर उभं राहिलं तरी दांडा टोचेना. त्याला इतकं हलकं वाटायला लागलं, की भेटेल त्याला तो पायांबद्दलच सांगत सुटला. कामावरचे जोडीदार लंबू आणि पुट्टीवाला आधी हसले. मग एका दुपारी दोघांनीही गुपचूप बूट काढून आपापल्या टाचा दाखवल्या. त्या बघून रंगाऱ्यानं तडक बाजारातून कोऱ्या बादल्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घराची मालकीण वर आली. निवृत्त मास्तरीण, कडक. अर्धवट रंगलेल्या दिवाणखान्यात तीन बाप्ये विजारी वर करून, बादल्यांत पाय सोडून ओळीनं बसलेले.

“काम थांबलंय का?”

“नाही बाई, पहिला हात वाळतोय.”

“मला तर पाय भिजताना दिसतायत!”

तिघांनी माना खाली घातल्या. बाईंनी जवळ येऊन लंबूच्या बादलीत बोट बुडवलं. “हे तर गार झालंय,” म्हणाल्या, आणि खाली जाऊन गरम पाण्याची किटली घेऊन आल्या.

असं सगळं छान चाललेलं असताना एका संध्याकाळी नवराच म्हणाला, “चल, फिरून येऊ.” बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. दोघं निघाली. तो शीळ घालत झपझप चालला होता. बागेच्या कोपऱ्याशी ती म्हणाली, “तुम्ही व्हा पुढं. मला जरा कंटाळा आलाय.”

तो जागच्या जागी थांबला. हा कंटाळा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

“पाय दाखव.”

“काहीतरीच! भर रस्त्यात?”

त्यानं तिला बाकावर बसवलं आणि स्वतः खाली बसून तिची चप्पल काढली. टाचांना खोल भेगा पडल्या होत्या, एक तर लालसर. दिवसभर दुकानात उभं राहून, घरी ओल्या फरशीवर वावरून.

“अगं, माझ्या पायांमागं हात धुऊन लागलीस, आणि स्वतःचं?”

“वेळ कुठं होता? तुमचेच बघत होते ना.”

त्यानं तिला हाताला धरून सावकाश परत आणलं. घरी पाणी तापवलं, कोपर बुडवून अंदाज घेतला, तिला खुर्चीत बसवलं आणि समोर मांडी घालून बसला. वजरी त्यानं ब्रशसारखी हलक्या हातानं फिरवली, भेगा मात्र टाळून. क्रीम बोटाच्या टोकानं भेगेभेगेत भरलं.

“फटी भरायला घाई उपयोगाची नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “आणि ही लालसर भेग आठवडाभरात मिटली नाही, तर तुलाच नर्सबाईंकडे नेणार.”

ती त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहिली. इतकं निवांत कुणीतरी आपलं काहीतरी करतंय, हे तिला नवंच होतं. मग तिनं त्याच्या खांद्याला हलकेच पायानं ढोसलं. “आता तुमचेही उरका.”

त्यानंही पाय भिजवले, पुसले, क्रीम चोपडलं. दोघं समोरासमोर खुर्च्यांत, चारी टाचा चकचकीत, आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध वर यायला लागलं.

“अहो, दूध!”

“तू ऊठ, तू जवळ आहेस.”

“माझ्या भेगांत क्रीम आहे!”

“माझ्या काय तूप आहे?”

दूध उतू जाणार, इतक्यात मुलगी दारातून आत आली. ती वाहतूक पोलीस. दिवसभर चौकात उभी राहून आलेली. तिनं धावत जाऊन गॅस बंद केला, आईबाबांकडे बघितलं, बादल्यांकडे बघितलं, आणि जडशीळ बूट काढून खुर्ची ओढली.

“सरका जरा. अजून एक बादली आहे का?”

“आणतो की!” म्हणून बाप उत्साहानं उठला. क्रीम लावलेले पाय गुळगुळीत फरशीवर पडले मात्र, तो हात पसरून थेट कपाटापर्यंत घसरत गेला आणि कपाटाला मिठी मारून थांबला.

“बाबा, वेगमर्यादा!” मुलगी ओरडली, आणि तिघंही पोट धरधरून हसली.