शेवटचं नंतर सांगतो

गंगापूर रोडवर दीपकरावांच्या घरी रविवारी सकाळी अकराला जाझची बैठक भरते. बैठक म्हणजे तीन माणसं, एक रेकॉर्ड प्लेअर आणि चिवड्याची बशी. नाशकात जाझ ऐकणारे मोजायला बसलं तर एका हाताचीही सगळी बोटं लागायची नाहीत, त्यामुळे जो ज्याला सापडला त्याने त्याला घट्ट धरून ठेवलं आहे. दीपकराव कारखान्यातून निवृत्त झालेले, बाराशे रेकॉर्डींचे मालक आणि तेवढ्याच आठवणींचे. चैतालीताई कॉलेजात भूगोल शिकवतात. आणि तिसरे हनीफभाई, भद्रकालीत अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे.

पंधरा वर्षांपूर्वी ते दीपकरावांचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला आले होते. काम झाल्यावर तपासायला म्हणून रेकॉर्ड लावली आणि त्यांचं बोट आपसूक टेबलावर पडू लागलं, चार मात्रांपैकी दोनवर आणि चारवर. आपल्या हातांना एकवर आणि तीनवर टाळी द्यायची सवय असते, जाझची टाळी उलटी. दोनवर आणि चारवर पडणारं बोट पाहून दीपकरावांनी त्या माणसाला उठूच दिलं नाही, जेवायलाच बसवलं. आणि त्याच जेवणावर हनीफभाई खोटं बोलले.

दीपकरावांनी विचारलं होतं, "तुमची पहिली लाइव्ह मैफल कोणती?" त्याआधी त्यांची स्वतःची सांगून झाली होती. मुंबईचा मोठा महोत्सव, परदेशी वादक, तीन फुटांवरून ऐकलेला ट्रंपेट. हनीफभाईंनी आयुष्यात जाझ ऐकलं होतं ते रेडिओच्या स्पीकरमधून आणि गिऱ्हाइकांच्या यंत्रांमधून. समोर ताट, भिंतभर रेकॉर्डी आणि उत्सुक यजमान. त्यांना एकदम फार लहान वाटलं. "इगतपुरी," ते म्हणाले. "एकोणऐंशी साल. रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल. लॅझरस पिंटो वाजवत होते. मी होतो तिथे."

दीपकरावांचा घास हातातच राहिला. लॅझरस पिंटो म्हणजे मुंबईचे गोवेकर सॅक्सोफोनवाले. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचे. स्वतःचं जाझ त्यांनी कधी रेकॉर्डच केलं नाही, त्यामुळे शौकिनांना नाव ठाऊक आणि सूर कुणालाच नाही. रेल्वेतला एक मित्र निवृत्त होत होता म्हणून ते एका दुपारी इगतपुरीला आले आणि दीड तास वाजवून गेले.

हनीफभाईंनी सगळं सांगितलं. ऑगस्टचा धो धो पाऊस, हॉलचं पत्र्याचं छप्पर, पावसाचा आवाज वाढला की पिंटो हसून हळू वाजवायचे ते. अख्खा हॉल एकवर आणि तीनवर टाळ्या देत होता आणि एकटाच माणूस, म्हणजे 'मी', दोनवर आणि चारवर. शेवटी ड्रमरने त्याला हुडकून काढलं आणि काठी रोखून हसला. यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. खोटा होता तो एवढा 'मी'. तो माणूस अबरार होता, हनीफभाईंचा थोरला भाऊ.

अबरार त्यांच्या अब्बांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वय एकवीस. घरी जुना रेडिओ होता, त्यावर दोघं भाऊ कान लावून दूरदूरची स्टेशनं धरायचे. इगतपुरीला दोघांनी जायचं ठरलं होतं, पण आदल्या दिवशी चौदा वर्षांच्या हनीफला ताप भरला. अबरार एकटा गेला. परत आल्यावर मात्र दोन दिवस धाकट्याच्या गादीशेजारी बसून त्याने ती मैफल सांगितली, तोंडाने सॅक्सोफोन वाजवून दाखवला, मांडीवर ड्रम. शेवटी आला आणि थांबला. "आखरी वाला बाद में बताऊंगा," तो म्हणाला. "तू उठके बैठ पहले."

चौथ्या दिवशी बँड सायखेड्याला एका मिरवणुकीला गेला. मिरवणूक निघायच्या आधी अबरार गोदावरीवर हातपाय धुवायला उतरला. नदी फुगलेली होती. क्लॅरिनेट पायरीवर तसंच ठेवलेलं सापडलं, अबरार दोन दिवसांनी.

तेव्हापासून हनीफभाईंच्या मागे टाळी लागली. तांबट आळीतून जाताना हातोडे पडायचे आणि त्यात मधूनच कुणीतरी दोनवर आणि चारवर मारायचं. ते रस्ता बदलून जाऊ लागले. दुपारी दुकानात कुणी नसताना पाठीमागून दोन हातांचा कोरडा आवाज यायचा. वळून बघावं तर बंद पडलेले अ‍ॅम्प्लिफायर. त्यांनी ही गोष्ट फक्त बायकोला, नसीमला, सांगितली होती. तिने आधी दुआ केली आणि मग कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. कान उत्तम होते.

खरी भीती पुढेच होती. बैठकीत ही मैफल दर ऑगस्टला सांगायची प्रथाच पडली. पंधरा वर्षं सांगून सांगून हनीफभाईंना आता त्या हॉलमध्ये अबरार दिसेनासा झाला होता. डोळे मिटले की ते स्वतःच दिसायचे, अबरारचा पांढरा शर्ट घालून उभे. भावाचा चेहरा आठवायला गेलं की आरशातला चेहरा पुढे यायचा. एकच फोटो होता घरात, तोही ओल लागून उडालेला. आपण अबरारला दुसऱ्यांदा बुडवलं, असं त्यांना वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

दीपकराव दर वेळी शेवटी तोच प्रश्न विचारायचे. "आणि शेवटी काय वाजवलं?"

"आठवत नाही हो."

"कमाल आहे. माणूस मधलं विसरेल. शेवटचं कसं विसरतो?"

हनीफभाई चिवडा घ्यायचे.

गेल्या ऑगस्टला बैठकीत चैतालीताई नव्या होत्या. त्यांनी गोष्ट ऐकली आणि टुणकन उडाल्या. "अहो, माझे बाबा त्या इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी होते! प्रत्येक कार्यक्रम टेप करायचे. इगतपुरीच्या घरात ट्रंकभर कॅसेटी पडल्यात." दीपकरावांनी देव भेटल्यासारखे हात जोडले. हनीफभाईंनी चिवड्याची बशी पुढे ओढली. म्हणजे आपल्याच खोट्याने आपल्या मागावर माणूस लावला होता.

वर्ष गेलं. इगतपुरीचं घर विकायचं ठरलं, ट्रंक रिकामी झाली, आणि या जुलैत चैतालीताई दुकानात येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कॅसेट. वर शाईने लिहिलेलं होतं, 'पिंटो, ऑगस्ट ७९'.

"चिकटलीय," त्या म्हणाल्या. "बुरशीपण आहे. पण तुमच्या हाताने होईल. आणि तुमचीच तर आहे ही."

बैठकीचा एक नियम होता. नवीन काही सापडलं तर ते कुणी एकट्याने ऐकायचं नाही, पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून ऐकायचं. तो नियम आता हनीफभाईंच्या कामी आला, कारण ऐकायची त्यांची छातीच नव्हती.

कॅसेटचं कवच स्क्रूचं नव्हतं, चिकटवलेलं होतं. ब्लेडने कापूनच उघडावं लागलं. आत तपकिरी फीत, कडेला पांढरी बुरशी. हनीफभाई ब्लेड हातात धरून बसले. आता एकदा ब्लेड फिरवलं असतं तर काम संपलं होतं. एवढंच म्हणायचं, टेप गेली, चैतालीताई, फार वर्षं झाली हो. दीपकराव हळहळले असते आणि गोष्ट होती तशी राहिली असती. त्याच वेळी पाठीमागे टाळी वाजली. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. हनीफभाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी ब्लेड खाली ठेवलं आणि मऊ फडक्याने फीत पुसायला घेतली.

घरी नसीम म्हणाली, "अबरारभाई की बात अपने नाम पे कब तक चलाओगे?" तिला सगळं ठाऊक होतं.

"टेप में सिर्फ ताली है," हनीफभाई म्हणाले. "ताली का चेहरा नहीं होता."

या आशेवर ते रविवारी गेले. फितीवर टाळ्या असतील, त्या कुणाच्या हे कोण सांगणार? उलट गोष्टीला पुरावाच मिळेल. हा विचार आपला आपल्याला लाजवणारा होता, पण तो आला, आणि त्यांनी तो येऊ दिला.

दीपकरावांनी कॅसेट डेक लावला. आधी नुसती खरखर आली.

"टेप खराब आहे का?" चैतालीताई कुजबुजल्या.

"नाही," हनीफभाई म्हणाले. "पत्र्यावरचा पाऊस आहे."

मग सॅक्सोफोन आला. जाड, थोडा भिजलेला, न घाई करणारा सूर. दीपकरावांचे डोळे भरले. दुसऱ्या गाण्यात हॉल टाळ्या देऊ लागला, एकवर, तीनवर. आणि त्यांच्या मधून, डावीकडच्या स्पीकरमधून, दोन हात. दोनवर, चारवर. स्पष्ट आणि हट्टी. हीच टाळी पंचेचाळीस वर्षं हनीफभाईंच्या पाठीमागे वाजत आली होती. आज ती समोर होती.

"हनीफभाई!" दीपकरावांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "हेच हात! ऐका, चैताली, हेच हात!"

हनीफभाईंनी मान हलवली. होकारार्थी हलवली. ती हलल्यावर त्यांना स्वतःची किळस आली.

गाणी होत गेली, मधे एकदा कॅसेट उलटवली. मग वादन थांबलं, पाऊस तेवढा राहिला. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी आभार मानू लागलं. आणि डावीकडून एक तरुण आवाज उठला.

"पिंटोसाब! एक और! मेरे छोटे भाई के लिए!"

हॉल हसला. पिंटोंचा घोगरा आवाज आला. "किधर है भाई?"

"नासिक में, बुखार में पडा है. हनीफ नाम है. बहुत रोया, आ नहीं सका."

"बजाता है?"

"अभी नहीं. पर सुनता बहुत अच्छा है."

क्षणभर नुसता पाऊस. मग पिंटो म्हणाले, "सुनता है, तो उसके लिए."

दीपकरावांनी हनीफभाईंचे हात सोडले. चैतालीताईंचा हात डेक बंद करायला पुढे गेला.

"राहू द्या," हनीफभाई म्हणाले. 

ते वाजवणं संथ होतं. चार-पाच मिनिटं चाललं असेल. हॉलमध्ये कुणी टाळी दिली नाही, डावीकडूनही नाही. हनीफभाई त्या दोन हातांची वाट पाहत राहिले आणि मग त्यांना कळलं की ते हात का थांबलेत. अबरार ऐकत होता. घरी जाऊन सूर न् सूर सांगायचा होता, म्हणून तो पाठ करत होता. हनीफभाई रडले. साठीला टेकलेला माणूस दुसऱ्याच्या घरी रडतो तसे नाही, तापातलं पोर रडतं तसे.

फीत संपून डेकचं बटण खाट्कन वर आलं.  नेहमी दुकानात, तांबट आळीत, पाठीमागे काहीतरी असल्यासारखं वाटायचं, तसं आत्ता काहीच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही नव्हतात तिथे," दीपकराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता आणि तो असायलाच हवा होता.

"नव्हतो. तो अबरार होता. माझा भाऊ. त्यानंतर चौथ्या दिवशी सायखेड्याला नदीत गेला."

"तुम्हाला भाऊ होता हेच आम्हाला माहीत नव्हतं," चैतालीताई म्हणाल्या.

"कसं माहीत असणार? त्याच्या जागी मीच उभा होतो ना."

दीपकराव उठून खिडकीशी गेले. पंधरा वर्षांची मैत्री, त्यांना काय काय आठवत असेल कोण जाणे. मग ते परत येऊन खुर्चीत बसले. "पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले. "नीट सांगा. त्याची म्हणून."

हनीफभाईंनी सांगितलं. अबरार सकाळच्या गाडीने निघाला, शर्ट पांढरा होता, छत्री नेली नाही. अबरारने टाळी दिली. अबरारकडे बघून ड्रमर हसला. प्रत्येक वेळी ते नाव तोंडातून गेलं की हॉलमधला माणूस थोडा थोडा त्यांच्यासारखा दिसायचा बंद होत होता. नाक वेगळं होतं, कपाळ रुंद होतं, पुढचा एक दात किंचित तुटलेला होता. तुटलेला दात तर ते पार विसरूनच गेले होते.

गोष्ट संपली तेव्हा दीपकरावांनी, पंधरा वर्षांच्या सवयीने, विचारलं, "आणि शेवटी काय वाजवलं?"

"शेवटी," हनीफभाई म्हणाले, "माझ्यासाठी वाजवलं."