फोनच्या रकान्यातले दहा नऊ

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुना प्रोग्राम आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि माउसचं नाव काढलं तरी मला धडकी भरते. देवगाव फाट्यावर किशनरावांची बियाण्यांची कंपनी आहे. तिथल्या संगणकात मी वीस वर्षं राहतो आहे. कोणाचं सोयाबीन आलं, कुठे ठेवलं, कधी बाहेर गेलं, सगळं मला तोंडपाठ!

मला घडवलं नांदेडच्या एका मास्तरांनी, पण सांभाळलं इथल्या कारकून सुमंगलाबाईंनी. मी अडलो की त्या म्हणायच्या, "बस झालं आता, लय नखरे करू नको." त्यांच्यावर माझा फार जीव आहे.

माझ्यात एक खोट होती. 'हे बियाणं तपासल्याशिवाय सोडू नका' असं लिहायला माझ्याकडे जागाच नव्हती. मग बाईंनी शक्कल लढवली. संशयाच्या पोत्यांपुढे फोन नंबरच्या रकान्यात त्या दहा वेळा नऊ टाकायच्या. ते दिसले की गोदामातला भागवत त्या पोत्यांना हात लावत नसे. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण दोघांना ठाऊक होतं.

यंदा पेरणीच्या तोंडावर नवा प्रोग्राम आला. माझी माहिती त्यात उतरवायला राजेश्री नावाची हुशार मुलगी आली. "किती हे चुकीचे नंबर!" म्हणत तिने सगळे नऊ पुसून टाकले. मी ओरडलो असतो हो, पण मला तोंड कुठलं? त्या नऊवाल्या पोत्यांत येलदरी गावाहून येताना भिजलेली चाळीस पोती होती. ती शेतात गेली असती तर कितीतरी घरांची पेरणी वाया गेली असती.

दुसऱ्या दिवशी नव्या पडद्यावर ती पोती 'तयार' दिसली. भागवतने ताडकळस गावाला जाणाऱ्या टेम्पोत भरायला घेतली. नवं यंत्र आल्यापासून सुमंगलाबाई गप्पगप्प होत्या. आपल्याला काही येत नाही म्हणून मालक घरी बसवतील, ही धास्ती. पण पोत्यांवरचं येलदरीचं नाव वाचलं आणि त्या धावतच आत आल्या.

"मालक, टेम्पो थांबवा! ती पोती तपासलेली न्हाईत. फोनच्या रकान्यातले ते नऊ मीच खूण म्हणून टाकले होते."

किशनराव भडकले. "बाई, मग आधी का न्हाई सांगितलं?"

"मला कोणी विचारलं का, मालक?"

राजेश्रीचा चेहरा पडला. पोती उतरवली, तपासली. आठ दिवसांनी पाहिलं तर शंभरातले तीसच दाणे उगवले होते. मग राजेश्री खुर्ची ओढून बाईंजवळ बसली. "काकू, असं आणखी काय काय हाय? सगळं सांगा." बाई तीन दिवस सांगत होत्या.

मित्रांनो, उद्या मला कायमचं बंद करणार आहेत. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझी तक्रार नाही. जुनं यंत्र खुशाल काढा. फक्त काढण्याआधी, त्याच्यापुढे इतकी वर्षं बसलेल्या माणसाशेजारी थोडं बसा. मला जे कधीच आलं नाही, ते इतकी वर्षं त्यानेच निभावलेलं असतं.