गुलाबी मेंढी

माझा आजा म्हस्कू मेंढरं राखायचा, आणि मेंढरं बसली की दगड घडवायचा. निरवांगीच्या अलीकडं आमची वस्ती आहे, तिथली बारव त्याच्याच हातची. बारवेच्या मावळतीकडच्या भिंतीत, एका चिऱ्यावर त्यानं मेंढी कोरली. इतकी हुबेहूब, की कळपातला एडका तिच्या मागं लागला आणि तोंड फोडून घेऊन आला. एडक्याचं मी पाहिलेलं नाही, मी जन्माला यायचा होतो. पण लोकर म्हणून आज्यानं घातलेले तांदळाएवढे घाव मी बोटानं चाचपलेले आहेत.

दिवाळीनंतर पुण्याहून राजलक्ष्मीबाई आल्या. जुन्या बारवा, देवळं, गिरण्यांची धुराडी यांचे फोटो काढायचे नि पुस्तक करायचं, हा त्यांचा उद्योग. मेंढीसमोर बाई कॅमेरा घेऊन पालथ्या झोपल्या. पण आभाळ भरलेलं.

"आबा, पौषात सकाळी आठला इथं तिरकं ऊन येईल. पाव तासच टिकेल. तेव्हा लोकर उठून दिसेल. मी येते. तोवर एकही दगड हलवू नका. फोटोखाली तुमच्या आजोबांचं नाव छापू."

आज्याचं नाव! सातबारा सोडला तर ते कुठंच नाही. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजवाही त्याच वाटेनं निघालेला. ते नाव छापलेलं बघून मग काय मिटायचं ते मिटू दे, असं मला वाटलं.

अडचण एकच. बारव उकिरडा झाली होती. बिअरच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कोंबडीची पिसं, आणि वर आमच्या भावकीतल्या विशालच्या वाढदिवसाचा गेल्या वर्षीचा फ्लेक्स. विशाल म्हणजे युवा नेते. इंदापूरच्या रस्त्याला एक इमारत धड दिसत नाही, सगळीकडं याचे दात. मला त्या दातांची शिसारी आहे.

मग मी पारावर बसून एक थाप सोडली. "ह्यो फोटो दिल्लीच्या विमानतळावर लावणार हायत. भिंतीएवढा. विलायतंचे लोक उतरले की पयली आपली बारव बघणार."

दुसऱ्या दिवशी विशालनं जेसीबी लावून घाण काढली. मी खूश. वालचंदनगरला लेकीकडं गेलो, चार दिवस मटण-भाकरी खाल्ली आणि परत आलो.

बारव गुलाबी झाली होती.

ऑइल पेंट. भिंती गुलाबी, पायऱ्या पोपटी. मेंढी पांढरी फेक, शिंगं निळी, डोळ्यांत काजळ आणि ओठ लाल. मेंढीला ओठ! तांदळाएवढे घाव रंगानं बुजले होते, पावडर थापलेल्या गालागत. मला तिथंच ओकारी आली. खरी, पोपटी पायरीवर.

"आबा, कसं झालंय?" विशालनं विचारलं. "दोन हात दिलेत. विलायतंच्या लोकांनी दगड का बघायचा?"

"लई भारी," मी तोंड पुसत म्हणालो. आणि माझ्या जिभेला पुन्हा खाज सुटली. "पर बाईंचा फोन आलता. रंग दिलेल्या बारवंचा फोटो छापून आला तर गावच्या पुढाऱ्याला तिकीट देत न्हाईत. पक्षानं तसा कागदच काढलाय."

विशालचे दात पहिल्यांदाच मिटले.

बाई यायच्या दिवशी सकाळी मी बारवेवर गेलो, तर बारामतीहून आणलेला ग्राइंडरवाला वायर सोडत होता. रंग घासून काढणार. रंगाबरोबर वरचा बोटभर दगडही जाणार, आणि लोकर तर नखाएवढीसुद्धा खोल नाही.

"थांबव ते!" मी ओरडलो. "रंग ऱ्हाऊ दे!"

"आबा, तिकिटाचा सवाल हाय."

"आरं, थाप मारली मी! फोन न्हाय, कागद न्हाय, विमानतळ बी न्हाय!"

विशाल हसला. "आबा, थापा तुमी रोजच मारता. आत्ताची पण झकास हाय."

वर जमलेली सगळी वस्ती हसली. माझी बायको सरुबाई वरून म्हणाली, "खोटं न्हाय बोलत ओ ते. म्हंजी, आज." त्यावर आणखी हसले. सत्तर वर्षांच्या थापांनी जे कमावलं, ते असं एका सकाळी पदरात पडलं.

मशीन सुरू झालं. मी पोपटी पायऱ्या उतरलो आणि मेंढीला पाठ लावून बसलो. "आता घास. आधी मला घास."

ग्राइंडरवाला विशालकडं बघायला लागला. विशाल माझ्या खांद्याला धरून ओढायला लागला. एवढ्यात वरून बाईंचा आवाज आला, "कुणी हलू नका! ऊन आलंय!"

आलं होतं खरं, तिरकं, मेंढीवर पडायचं ते माझ्या थोबाडावर. मी उठलो असतो, तर मशीन मेंढीवर गेलं असतं. बसलो. पाव तास बाईंचा कॅमेरा कटकट वाजत राहिला. ऊन सरलं तेव्हा बाई खाली आल्या आणि मेंढीच्या ओठावरचा रंग त्यांनी नखानं खरवडून पाहिला. ते बघून ग्राइंडरवाला आपणहून वायर गुंडाळायला लागला.

पुस्तक आलं. पान भरून गुलाबी भिंत आणि मधे मी, सुरकुत्या अगदी घावागत उठलेल्या. मेंढीचं एक निळं शिंग माझ्या कानामागून दिसतं. खाली आज्याचं नाव आहे. बघणाऱ्याला वाटतं, म्हस्कू तो मीच.

विशालनं त्याच फोटोचा फ्लेक्स केला. कोपऱ्यात स्वतःचे दात घातले आणि बारवेच्या तोंडावर टांगला. आता आज्याच्या मेंढीवर एक थर रंगाचा, आणि दुसरा माझ्या तोंडाचा. रोज सकाळी आठला मी तिथं जातो, स्वतःच्या फोटोवर थुंकतो आणि रंग खरवडायला ब्लेड घेऊन खाली उतरतो. एक शेपूट मोकळं झालंय.