दुसरा जोड

माझा दादा खोटं बोलत नाही, असं मी बावीस वर्षं जगाला सांगत फिरलो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आम्ही दोघं भाऊ फरशी बसवतो. काम त्यानंच शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं की फरशी डोळ्यानं नाही, गुडघ्यानं बघायची. नुसता गुडघा टेकला की केसभर उंचवटाही कळतो, मध्ये गादी आली की कारागिरी संपली. मी त्याचा शब्द झेलला. सिमेंटच्या कोब्यावर, खडीच्या चुऱ्यावर गुडघे घासत सरकत राहिलो. दुसरे कारागीर गुडघ्याला पट्टे बांधायचे, त्यांना नावं ठेवली. दादा मात्र भलतीच ढगळ विजार घालायचा, म्हणून कामावर सगळे त्याला ‘पायजमा’ म्हणत. तोही हसायचा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, पण काम संपलं की ताडकन उठायचा, आणि मी भिंत धरून. दादाची हाडंच वेगळी, म्हणायचो. भोळसट कुठला.

गेल्या महिन्यात माझा उजवा गुडघा चेंडूएवढा फुगला. मग एक दिवस जिना उतरताना मध्येच अडकला, वाकेना की सरळ होईना. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी सुईनं पिवळट पाणी काढलं आणि तपासणीचे फोटो दिव्यासमोर धरले. म्हणाल्या, वाटीपुढची पिशवी सुजते, ते फरशीवाल्यांचं नेहमीचंच आहे. पण सांध्याच्या आतली गादी फाटली आहे, तिचा तुकडा मध्ये अडकतो. ऑपरेशन केलं की चालता येईल. गुडघ्यावर बसायचं काम मात्र कायमचं बंद. गुडघ्याखाली काही घेत नव्हतात का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी दादाचं शास्त्र ऐकवलं, तेही छाती फुगवून. त्या चष्मा पुसत बसल्या. मला त्यांचाच राग आला.

फरशीवाल्यानं गुडघा टेकायचा नाही, तर करायचं काय? विचारायला दुसरं होतं कोण, तडक दादाकडे गेलो. तो आंघोळीला गेला होता. वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरीवर दादाची विजार होती, आणि तिच्या शेजारी जाड रबराला कापड शिवून केलेले चार पट्टे.

हे काय, असं मी विचारलं.

“गुडघ्याचे पट्टे. दरवर्षी दोन जोड शिवते ना मी, एक यांचा, एक तुमचा. तुमचाही धुवायला हे इकडेच आणतात, भाऊजी.”

मी पट्टे हातात घेतले. डाव्या पायाच्या पट्ट्यांना तिनं लाल दोरा घातला होता. दोन्ही जोडांतले लाल दोऱ्याचेच पट्टे दबून चपटे झाले होते. मी उजव्या गुडघ्यावर भार देतो. डाव्यावर देतो तो दादा. एकावर एक, दोन्ही जोड त्या ढगळ विजारीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वहिनीला काही सांगावं लागलं नाही. तिनं माझ्या अजून सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं आणि ओली चादर तशीच बादलीत सोडली.

दादा केस पुसत बाहेर आला. माझ्या हातातले पट्टे बघून थांबला. मी एवढंच विचारलं, का? वाटलं, माफी मागेल, निदान नजर तरी चुकवेल. पण फरशीचा उतार समजावून सांगावा तसा तो शांतपणे बोलला.

“गुडघा दुखायचा म्हणून तू भराभर उरकायचास. पट्टे दिले असते तर तूही माझ्यासारखा निवांत बसला असतास. वेळेत काम कोणी संपवलं असतं?”

वर म्हणाला, काळजी करू नकोस, उद्यापासून नुसता सिमेंट-वाळूचा माल कालव. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली तिथेच. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला होता, आणि मी दरवर्षी त्यालाच नवी विजार घेऊन देत होतो.

पट्टे तिथेच टाकून निघालो. दारात चप्पल घालायला पाय वाकवला आणि गुडघा पुन्हा अडकला. दादा धावत आला, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि माझा पाय धरला. किती सहज बसला. कपाळावर एक आठी नाही. त्या घराची फरशी मी एकट्यानं बसवली होती, त्याला भेट म्हणून.

“हात काढ,” मी म्हणालो.

त्यानं हात काढला. मी चौकट धरून, गुडघा आपोआप सुटेपर्यंत एका पायावर उभा राहिलो.