पखवाजाची कणीक

मालनबाईने उतरंडीतल्या गाडग्यात हात घातला आणि तिची बोटं सरळ बुडाला टेकली. तिने गाडगं खाली घेतलं, उजेडाकडे तोंड करून आत पाहिलं. पीठ नव्हतं. सकाळी खडीच्या कामावर जाताना होतं. उंदरांच्या भीतीने तिने झाकणावर दगडसुद्धा ठेवला होता, आणि उंदराला काही दगड उचलून पुन्हा नीट ठेवता येत नाही.

"रतन, पीठ कुठं गेलं गं?"

तिची लेक बाजेवर कुशीला वळून पडली होती. बाळ तिच्या छातीशी चोखायचं, सोडायचं, रडायचं, पुन्हा चोखायचं. रतन आईकडे न बघताच म्हणाली, "आबा घेऊन गेले. नदीला. पखवाजाला लावाया."

मालनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते पीठ साधं नव्हतं. त्र्याहत्तरचा चैत्र होता तो. पाथर्डीच्या त्या अंगाला पावसाने अशी पाठ फिरवली होती की विहिरींचे तळ उन्हात तडकले होते. जनावरं छावणीला गेली होती आणि माणसं खडी फोडायला. खायला होती मिलो, म्हणजे सरकारने बाहेरून आणलेली तांबडी ज्वारी. रतन पहिलटकरीण, माहेरी बाळंत झालेली. मिलोची भाकरी तिच्या पोटात ठरत नव्हती, दूध आटत चाललं होतं, पोर दिवसभर किरकिरत होतं. दगडाबाई सुईणीने सांगितलं, हिला गव्हाची लापशी घाल, दुसरा इलाज नाही. मग मालनबाई एसटीत बसून कालव्याच्या मुलखात भावाकडे गेली. भावजयीने उंबऱ्यातच चार शब्द ऐकवले, ते तिने खाली मान घालून ऐकले, आणि पदरात गहू बांधून आणले. दळले. रोज त्यातलं मूठभर पीठ शिजवून ती लेकीला पाजत होती. स्वतः वास घ्यायची, बोट चाटायची नाही. नुकतं कुठे रतनला दूध उतरू लागलं होतं.

आणि बन्सीने, रतनच्या सख्ख्या बापाने, ते पीठ नेऊन पखवाजाला थापलं होतं.

जत्रा होती ना. चैत्रात भैरोबाची पालखी नदीत आंघोळीला उतरते. अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव, दोन्हीकडचे भजनी वाळवंटात समोरासमोर बसतात आणि पालखी उठेपर्यंत भजनाची चढाओढ लागते. मध्ये खंड पडू द्यायचा नाही. दोन्ही बाजूंना पखवाज एकच, अलीकडच्या गावचा; तो बन्सीच्या हातात होता, त्याच्या आधी त्याच्या बापाच्या. पखवाजाच्या डाव्या तोंडाला गव्हाच्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय तो घुमत नाही, नुसता वाजतो. ज्याच्या हाती पखवाज त्यानेच कणीक आणायची आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून गाईला घालायची, अशी गावाची रीत. चांगल्या सालात ही रीत कुणाच्या ध्यानातही येत नसे. भरल्या घरात मूठभर पिठाला कोण विचारतो? दुष्काळात मात्र सगळ्या रीती गरिबाच्याच चुलीशी येऊन बसतात.

मालनबाईने पदर खोचला आणि ती नदीच्या वाटेला लागली.

नदी कसली, नुसती वाळू. एरवी जत्रेला डोहात पाणी असायचं, यंदा देवाच्या आंघोळीसाठी बायकांनी वाळूत खड्डा खणून झिरा काढला होता. त्याच्या काठावर दगडाबाई वाटीवाटीने घागर भरत बसली होती. मालनबाईची चाल बघूनच तिने ओळखलं.

"कुनावर निघालीस गं?"

"आमच्या कारभाऱ्यावर. रतनचं पीठ नेलं त्यांनी पखवाजाला."

दगडाबाईचा हात थांबला. "आता बसलेत ती समदी. भजन झाल्यावर माग. गाईला नगं म्हन, घरी आन."

"पालखी उठस्तवर उन्हात थापा खाऊन त्याचं ढेकूळ हुईल, दगडाबाई. रतननं सकाळधरनं काय खाल्लं न्हाई. आन् भजन झाल्यावर मागाया म्या भिकारीन हाय का? माझंच हाय ते."

पखवाज तिला लांबूनच ऐकू येत होता. आणि तो असा वाजत होता म्हणून सांगू. कोरड्या नदीच्या दोन्ही दरडींवरून त्याचा घुमारा परत येत होता. टाळ, वीणा, पलीकडच्या सूर्यभानबुवांचा चढा आवाज, आणि खाली बन्सीचा तो भरदार ठेका. उपाशीतापाशी माणसं माना डोलवत होती. मालनबाईची पावलंसुद्धा नकळत ठेक्यात पडू लागली आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. हा जो गोड घुमतोय तो माझ्या नातवाचा घास घुमतोय, असं तिला वाटलं, आणि तिने मुद्दाम पाय वेडेवाकडे टाकले.

बायका एका बाजूला बसल्या होत्या. ती तिकडे वळली नाही. सरळ पुरुषांच्या रिंगणात शिरली, टाळकऱ्यांच्या मधून वाट काढत बन्सीच्या पुढ्यात बसली आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावरच्या कणकेत तिने नखं घातली. बन्सीचा हात थापेला खाली आला तो तिच्या मनगटावर पडला. तिने हात मागे घेतला नाही. खरवडून, ओरबाडून तिने गोळा सोडवला, कडेला चिकटलेलं पीठही बोटाने निपटून घेतलं.

टाळ थांबले. सूर्यभानबुवांचा सूर अर्ध्यातच राहिला.

"अगं," बन्सी एवढंच म्हणाला.

"अगं काय? पोरीच्या तोंडचं काढलंत तुमी. हात कसा वळला?"

काकासाहेब उठले. भजनी मंडळाचे ते पुढारी. गावात पहिलं घर त्यांचं, पालखीला पहिला खांदा त्यांचा, आणि रागावताना आवाज खाली आणायची त्यांची सवय. "ए बाई, ते देवाचं हाय. ठेव खाली."

"देवाचं कवापासनं झालं? माझ्या भावाच्या घरचं हाय. लेक बाळंतीन हाय माझी, दूध न्हाई तिला. भैरोबाला काय, त्यो दगडाचा, एक साल बिनकनकेचं ऐकंल."

बायकांच्या घोळक्यात कुणी तरी तोंडाला पदर लावला. बन्सी मान खाली घालून बोलला, तिच्याशी की मांडीवरच्या पखवाजाशी ते कळत नव्हतं. "मिलोचं पीठ लावून बगितलं म्या. ते धरत न्हाई, गळून पडतंय."

"मग ह्यांच्याकडं मागायचं हुतं."

"मागितलं हुतं."

मालनबाईने काकासाहेबांकडे पाहिलं. तेवढ्यात पलीकडचे सूर्यभानबुवा साधेपणाने बोलून गेले, "पर काकासाहेब, दुपारी तर तुमी आमाला पुरनाच्या पोळ्या वाढल्या." त्यांच्या मनात काही नव्हतं. पाहुणा जेवल्या घरचं कौतुक करतो तसं ते म्हणाले, आणि मग त्यांनाच काय ते उमगलं.

काकासाहेबांच्या कपाळाची शीर तटतटली. "ज्याचा हात त्याची कनीक. रीत हाय ती, म्या केल्याली न्हाई. झेपत न्हाई त्यानं पखवाज सोडावा. आमचा सहादेव कवाधरनं शिकून बसलाय."

म्हणजे असं होतं तर. कणीक आणली नाहीस तर पखवाज माझ्या पुतण्याला, असं आधीच सांगून ठेवलेलं होतं. आणि बापाकडून आलेला मान जाईल म्हणून ह्या माणसाने झाकणावरचा दगड उचलला होता, पीठ काढलं होतं, आणि दगड पुन्हा जागेवर ठेवला होता. मालनबाईला दोघांचीही सारखीच शिसारी आली.

"मान लई मोठा झाला व्हय तुमचा," ती नवऱ्याला म्हणाली. "ऱ्हावा हितंच. पोरीला लापशी मी घालते, तुमी तिला मान खाऊ घाला."

ती उठली आणि मुठीत गोळा आवळून दरडीकडे निघाली. मागे काकासाहेबांनी वर घरी असलेल्या पुतण्याला हाक मारल्याचं तिने ऐकलं. ती दरड चढून वर येते न येते, तोच सहादेव धापा टाकत समोरून आला. काकासाहेबांचं घर दरडीलाच लागून होतं. त्याच्या हातात पितळी ताट होतं आणि ताटात कणकेचा गोळा. पांढराशुभ्र, चाळलेल्या पिठाचा, आधीच मळून तेलाचा हात लावून ठेवलेला. तिच्या मुठीतल्या गोळ्याच्या दुप्पट तरी होता. इतकंच अंतर होतं तर गव्हाचं. एक हाक मारायची आणि एक पोरगा धावायचा, तेवढ्यासाठी तिची लेक सकाळपासून उपाशी होती.

"थांब," ती म्हणाली.

सहादेव थांबला. ती रागात होती आणि तो वाट सोडून बाजूला व्हायला विसरला. तिने ताटातला गोळा उचलला, आपल्या गोळ्यावर ठेवला आणि दोन्ही मिळून पदरात घेतले.

"काकू, ते देवाच्या नावानं आनलंय."

"मग देवाला म्हनावं, मालननं नेलं. काढून घ्यायचं आसंल तर घे माझ्या पदरातनं."

खाली वाळवंटातून सगळी जत्रा मान वर करून बघत होती. दोन गावांसमोर परक्या बाईच्या पदराला हात कोण घालणार? सहादेव रिकामं ताट घेऊन खाली उतरला. काकासाहेबांचा आवाज आता खालचा राहिला नव्हता. "बन्सी, बायकोला जाऊन माघारी आन. न्हाईतर आजपास्नं पखवाजाला शिवायचं न्हाई. घरनं दुसरी कनीक मागवतो, सहादेव वाजवंल."

बन्सी बसल्या जागीच होता. उठला नाही, वरसुद्धा बघितलं नाही. मालनबाईने क्षणभर वाट पाहिली. मग तिनेच तोंड फिरवलं. बसू दे. दुसरी कणीक येईल, हा काकासाहेबांच्या हातापाया पडेल, नाक घासून मान परत मिळवेल. एवढी वर्षं संसार केला, माणूस कळायला काही बाकी राहिलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला, आणि ते तिने मनगटाने पुसून टाकलं.

घरी येऊन तिने चूल पेटवली. काकासाहेबांची कणीक परातीखाली झाकली. आपला गोळा पाण्यात कुस्करला, गूळ होता तेवढा घातला आणि पळीने घोटत बसली. पिठात वाळू आली होती, नखाची माती आली होती. लापशी खदखदू लागली तसा घरभर वास सुटला. तिने ताटलीत ओतून, फुंकर घालून लेकीपुढे धरली. रतनने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आये, दाताखाली कच येतीया."

"येऊ दे. चावू नगं, गीळ."

रतन गिळत राहिली. नदीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. पालखी खाली असताना भजन खंडलंय, असं आजवर कधी झालेलं नव्हतं. मालनबाई चुलीशी बसून दातओठ खात होती. मनातल्या मनात ती काकासाहेबांना, भावजयीला, सरकारला आणि सगळ्यात जास्त बन्सीला शिव्या घालत होती.

मग आवाज आला.

ठेका तोच होता. तो हात सहादेवचा नव्हता, हजारांत ओळखता आला असता. पण घुमारा नव्हता. डावीकडची प्रत्येक थाप रिकामा डबा बडवल्यासारखी खडखडत होती. कणीक जरा पातळ लागली तर बन्सी मांडीवरचा पखवाज खाली ठेवायचा, कणीक बदलल्याशिवाय थाप मारायचा नाही. तोच माणूस दोन गावांसमोर बोडका पखवाज बडवत होता. काकासाहेबांच्या घरात पीठ काही संपलेलं नव्हतं. दुसरा गोळा येऊन तिथे ताटात पडलेला असणार. तो लावायला बन्सीनेच नको म्हटलं असणार, आणि पखवाज सोडायलाही.

तो जोराजोरात वाजवत होता. भजनात कुणी एवढ्या जोराने वाजवत नाही. पहिल्यांदा एकटाच वाजत होता, नंतर सूर्यभानबुवांनी त्यावर आवाज लावला, मग एक-दोन टाळ आले. सगळे नाही आले. ते ऐकायला अगदी वाईट लागत होतं.

मालनबाईचा राग गेला नाही. पीठ नेलं ते नेलंच, ते तिला मरेपर्यंत विसरता येणार नव्हतं. पण ती दाराकडे कान देऊन बसली होती.

रतनने ताटली खाली ठेवली आणि बाळाला पुन्हा छातीशी घेतलं. "आये, ह्यो कसला आवाज गं? कोन बडवतंय आसं?"

"तुझा बा वाजवतोय," मालनबाई म्हणाली.